दोन धातूंमधली हवा

परळी–माजलगाव रस्त्यावरील सिरसाळा आणि त्याच्या पंचक्रोशीत ‘थर्मल’ हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. परळी वैजनाथ येथे १९७१ साली औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि तेव्हापासून लोकांच्या बोलण्यात ते केंद्र ‘थर्मल’ याच नावाने वावरत आले. कोणाचा मुलगा थर्मलला नोकरीस असतो, कोणाचा टिपर थर्मलची राख वाहतो, तर कोणाची वीटभट्टी त्याच राखेवर चालते. त्यामुळे ‘थर्मल पेस्ट’ नावाची एखादी वस्तू आहे असे कानावर आले, तर ती परळीहून येत असावी असे येथील माणसाला वाटणे स्वाभाविक आहे.

समजूत चुकीची असली तरी नाते अगदीच खोटे नाही. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच वीज म्हणून तारांतून बाहेर पडतो. उरलेली बहुतेक उष्णता धुराड्यातून आणि थंड पाण्यामार्फत शीतक मनोऱ्यांतून आकाशात सोडून द्यावी लागते. ती सोडता आली नाही, तर केंद्र चालू शकत नाही. २०१३ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हे या भागातील प्रत्येकाला स्मरत असेल. यंत्रे शाबूत होती, कामगार हजर होते. नव्हते ते पाणी, आणि अशा केंद्रातील पाण्याचा मोठा वाटा थंडाव्यासाठीच लागत असतो. उष्णता निर्माण करणे सोपे, ती वेळेवर बाहेर नेणे अवघड, हा धडा मराठवाड्याने एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिलेला आहे. तोच धडा दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेल्या संगणकात, नखाएवढ्या जागेत, रोज गिरवला जात असतो. तिकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

संगणकातील प्रोसेसर हा एका अर्थाने विजेची शेगडीच होय. पंख्याला दिलेली वीज हवा हलविते, मोटारीला दिलेली वीज पाणी चढविते. प्रोसेसरला दिलेली वीज मात्र हिशेबाचे काम करून अखेर जवळजवळ सारीच्या सारी उष्णतेत उतरते. ६५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण भाराने चालला, तर त्यातून ६५ वॅट उष्णता बाहेर काढावी लागते. आकडा लहान वाटतो, कारण तेवढ्या वॅटचा जुना दिवा घरात सहज जळत असे. परंतु प्रश्न क्षेत्रफळाचा आहे. घरातील १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट पडतात. प्रोसेसरच्या आतील सिलिकॉनची चकती जेमतेम दोन चौरस सेंटीमीटर असते; तेथे हाच हिशेब ३० वॅटच्या पुढे जातो. म्हणजे कपडे कडक करणाऱ्या इस्त्रीपेक्षा सहा पटींनी दाट उष्णता त्या इवल्याशा चकतीतून सतत उमटत असते.

ती बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पातळ पापुद्र्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसविलेला असतो. दुरुस्ती करणारी मुले त्या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. प्रोसेसरचे झाकण धातूचे, ठोकळाही धातूचा, आणि दोन्ही वरवर पाहता गुळगुळीत. पण भिंगाखाली पाहिले, तर दोन्हींच्या अंगावर डोंगर-दऱ्या दिसतात. दोन धातू एकमेकांवर घट्ट दाबले तरी प्रत्यक्ष स्पर्श होतो तो काही शिखरांचा. उरलेल्या जागेत हवा अडकून बसते. आणि हवा ही उष्णतेची वाट अडविण्यात फार पटाईत. हिवाळ्यात गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळेच. गोधडीत जो गुण, तोच येथे दोष ठरतो. ही हवा हुसकावून लावून त्या दऱ्या भरून काढणारा पदार्थ म्हणजे थर्मल पेस्ट. सिलिकॉनचे तेल आणि त्यात झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड यांसारख्या पदार्थांची अतिशय बारीक भुकटी, एवढेच तिचे सर्वसाधारण स्वरूप. रंग पांढरा किंवा राखाडी, पोत मलमासारखा.

या पदार्थाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याची एक हकिगत सिरसाळ्याच्या बाजारपेठेत घडली. ती यंत्राची कमी आणि माणसांची अधिक आहे.

तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान. वडील गादीवर बसतात, मुलगा पुण्यात शिकून आलेला, आणि हिशेबाला तीस वर्षांहून अधिक काळ एकच मुनीम. मुनीमजी आले तेव्हा लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या होत्या. रोजमेळ आणि खतावणी ते अशा अक्षरात लिहीत की खाडाखोड शोधून सापडू नये. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि वह्यांची जागा संगणकाने घेतली. साठीकडे झुकलेल्या त्या माणसाने कळफलकावरील अक्षरे एकेक शोधत बिले करणे शिकून घेतले. सहा महिन्यांत हात बसला. दुकानात सकाळचे काम मुलगा पाहत असे. व्यापाऱ्यांची बिले चढविणे, बँकेचा मेळ घालणे वगैरे. दुपारी तो जेवायला व नंतर वसुलीला गेला की संगणकावर मुनीमजी बसत.

एका वर्षीच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, तो संगणक काम करता करता अचानक बंद पडू लागला. वऱ्हाडाची वीस-पंचवीस माणसे गाद्यांवर बसलेली, बस्ता निवडून झालेला, साड्यांच्या घड्यांचा ढीग समोर पडलेला, आणि बिल निम्म्यावर आले असताना पडदा काळा. मग कागदावर हाताने बिल, नंतर ते पुन्हा संगणकात चढविणे. शेठ सूर्यास्तापूर्वी जेवण्यासाठी घरी जात, तेव्हा मुनीमजी दुपारची कागदी बिले पुढ्यात घेऊन बसत. विक्रीचे विवरण दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत गेले नाही, तर घाऊक गिऱ्हाइकाच्या नावावर त्याची वजावट दिसत नाही आणि त्याचे फोन सुरू होतात. २० तारखेचे विवरण चुकले, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. रकमेपेक्षा नावाची काळजी मोठी होती. त्या दुकानाचे विवरण तोवर कधी उशिरा गेलेले नव्हते.

उपाय सुरू झाले. वीज कमी-जास्त होते म्हणून यूपीएसची बॅटरी बदलली, ९५० रुपये. व्हायरस असेल म्हणून दोनदा फॉरमॅट मारले, १,००० रुपये. मेमरी कमी पडत असेल म्हणून ती वाढविली, १,८५० रुपये. असे ३,८०० रुपये खर्च झाले आणि दुपार झाली की यंत्र पुन्हा बंद. फॉरमॅट करताना एप्रिलच्या नोंदी जाण्याची वेळ आली होती. मुनीमजी रोज रात्री पेनड्राइव्हवर प्रत काढून ठेवीत, म्हणून त्या वाचल्या.

मुलाच्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली. सकाळी तो स्वतः दोन-तीन तास काम करी, तेव्हा यंत्र कधी बंद पडत नसे. मुनीमजी बसले की हमखास पडे. एके दिवशी गिऱ्हाइकांसमोरच तो बोलून गेला, “काका, तुम्ही काहीतरी भलतेच दाबता. माझ्या हातात असताना हे कधी होत नाही.” मुनीमजींनी उत्तर दिले नाही. त्या रात्री दुकान वाढविताना ते शेठजींना एवढेच म्हणाले, “शेठ, दिवाळीपर्यंत माणूस बघा. माझ्यामुळे दुकानाची अडचण नको.”

शेठजींपुढे पेच पडला. मुलाचे म्हणणे पुराव्याने खरे दिसत होते, आणि मुनीमजींचा तीस वर्षांचा हिशेब त्याच्या विरुद्ध बाजूस उभा होता. त्यांनी नव्या संगणकाचे कोटेशन मागविले. ते ४२,००० रुपयांचे आले. तरीही पैसे देण्यापूर्वी एकदा आणखी कोणाला तरी दाखवावे, म्हणून परळीहून दुरुस्तीच्या एका तरुणाला बोलावले.

त्या तरुणाने यंत्र उघडण्याआधी विचारले, “हे बंद कधी पडते?”

“काका बसले की,” मुलगा म्हणाला.

तेव्हा मुनीमजींनी गादीखालून एक छोटी वही काढली. यंत्र प्रथम बंद पडले त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक वेळेची नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, कोणते बिल चालू होते, आणि पुन्हा सुरू होण्यास किती मिनिटे लागली. कोणी सांगितले म्हणून नव्हे. ज्या गोष्टीचा मेळ लागत नाही ती लिहून ठेवायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. १९ दिवसांत ११ नोंदी होत्या. सर्वांत लवकरची दुपारी १२ वाजून ५० मिनिटांची, सर्वांत उशिराची ५ वाजून १० मिनिटांची. आदल्या रात्री अवकाळी पाऊस होऊन गेला होता, त्या दिवशी मुनीमजी दुपारभर बसूनही एकही नोंद नव्हती.

तरुणाने ती पाने दोनदा पाहिली आणि म्हणाला, “दादा, हे यंत्र माणूस ओळखत नाही. ऊन ओळखते.”

पत्र्याचे छप्पर, पश्चिमेची भिंत, आणि त्या भिंतीतील कोनाड्यात पाठ लावून बसविलेला तो डबा, ज्याला सगळे जण ‘सीपीयू’ म्हणतात. सहा वर्षांत तो कोणी आतून साफ केला नव्हता. झाकण काढले तेव्हा ठोकळ्याच्या पापुद्र्यांत रस्त्यावरच्या मातीची व राखेची धूळ आणि कापडाचे सुताचे तंतू यांचा नमदा बसलेला होता. ठोकळा हलक्या हाताने फिरवून सोडविला, तर प्रोसेसरच्या पाठीवरील पेस्ट वाळून चुन्याच्या पपडीसारखी झालेली. नखाने खरवडताच तिचे कण गळू लागले. “थर्मल पेस्ट वाळली आहे,” तो म्हणाला. मुनीमजींनी भाबडेपणाने विचारले, “मग थर्मलहून आणावी लागेल का?” तेव्हा महिन्याभरानंतर प्रथमच त्या दुकानात सगळे एकदम हसले.

पापुद्रे ब्रशने साफ झाले, वाळलेला लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसला गेला, मुगाच्या दाण्याहून किंचित मोठा असा पेस्टचा ठिपका मधोमध पडला, ठोकळा बसला. पूर्वी काम सुरू करताच काही मिनिटांत ९७ अंशांवर जाणारे तापमान आता ऐन दुपारी सत्तरच्या आसपास थांबले. मजुरीसह खर्च ३५० रुपये. तो ‘दुरुस्ती व देखभाल’ या सदराखाली मुनीमजींनीच लिहिला, आणि नव्या यंत्राचे कोटेशन फाइलला लागले. मुलाने मोठे बोल लावून क्षमा वगैरे मागितली नाही, दुसऱ्या दिवशी निघताना तो म्हणाला, “काका, दुपारची बिले तुम्हीच बघा. मी संध्याकाळी तपासणार नाही.” दिवाळी आली आणि गेली. मुनीमजी गादीवरच आहेत.

आता त्या ३५० रुपयांनी नेमके काय साधले, ते आकड्यांत पाहणे व्यापारी घराला अधिक पटेल. पदार्थ उष्णता किती सहज पुढे पाठवितो याचे एक माप असते. त्या मापाने तांब्याचा अंक सुमारे ४००, अ‍ॅल्युमिनियमचा २३५, आणि हवेचा अवघा ०.०२६. साध्या पांढऱ्या पेस्टचा अंक १ च्या आसपास आणि चांगल्या पेस्टचा ५ ते १० असतो. यावरून एक आश्चर्याची गोष्ट ध्यानात येते. ज्या पेस्टचे एवढे कौतुक, ती तांब्याच्या तुलनेत फारच दरिद्री आहे, चाळीस ते चारशे पटींनी कमी. तिचा मोठेपणा एवढाच की ती हवेपेक्षा चाळीस पट किंवा त्याहून अधिक बरी आहे.

प्रोसेसरच्या झाकणाचे क्षेत्रफळ ९ चौरस सेंटीमीटर आणि उष्णता ६५ वॅट धरली, तर १ अंकाच्या पेस्टचा ०.१ मिलिमीटरचा थर ओलांडण्यासाठी सुमारे ७ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. ५ अंकाची पेस्ट असेल, तर दीड अंशाहून कमी. त्याच जागी ०.१ मिलिमीटर नुसती हवा असती, तर हिशेबाने २७५ अंशांहून अधिक फरक लागला असता. प्रत्यक्षात तेथवर प्रकरण जात नाही, कारण काही शिखरे तरी एकमेकांना टेकलेली असतात, आणि १०० अंशांच्या आसपास पोहोचताच आजचे प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतात व त्याहीपुढे गेल्यास स्वतःस बंद करून घेतात. सिरसाळ्याचे यंत्र रोज दुपारी हेच करीत होते. ते बिघडले नव्हते. स्वतःला वाचवीत होते. मे महिन्यात सकाळी खोलीत ३० अंश आणि दुपारी पत्र्याखाली ४२ अंश असले, की ते वरचे १२ अंश प्रोसेसरच्या तापमानात जसेच्या तसे मिळविले जातात. सकाळच्या माणसाला जे यंत्र सरळ वाटे, ते दुपारच्या माणसाला वाकडे वाटे, त्याचे कारण या साध्या बेरजेत आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक विचार करण्यासारखी आहे. चांगली वस्तू म्हणून एखाद्याने तीच १ अंकाची पेस्ट सढळ हाताने अर्धा मिलिमीटर थापली, तर फरक ७ अंशांवरून ३६ अंशांवर जातो. म्हणजे पेस्ट स्वतःच वाट अडवून बसते. तिचे काम दोन धातूंना भेटविण्याचे. दोघांच्या मध्ये मुक्काम करण्याचे नव्हे. दऱ्या भरून झाल्या की जेवढी ती मागे सरेल, तेवढी तिची किंमत वाढते.

बाजारात वाढलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज पडू नये. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये आडत्या असतो, दोन गावच्या पेढ्यांमध्ये दलाल असतो. जोवर तो दोघांमधला अविश्वास भरून काढतो, तोवर त्याची आडत कोणास जड होत नाही. तो जाड होऊ लागला की व्यवहार त्याच्यापाशीच तापू लागतो. आणि तो मुळीच नसला, तर दोन्हीकडची सचोटी असूनही व्यवहार कोरडा पडतो. मुनीम, घरातील वडीलधारी आत्या, भागीदारीत दोघांचे ऐकून घेणारा तिसरा भाऊ, या सर्वांचे स्थान असेच असते. ताळेबंदात त्यांच्या नावाची ओळ नसते. सिरसाळ्याच्या दुकानात त्या महिन्यात दोन ठिकाणचा लेप वाळला होता. एक यंत्रातला आणि दुसरा दोन पिढ्यांमधला. यंत्रातला स्पिरिटने पुसता आला. दुसऱ्यासाठी त्या छोट्या वहीतील ११ ओळी उपयोगी पडल्या.

यंत्रांच्या इतिहासाकडे पाहिले, तर थंडाव्याची ही काळजी नवी नाही असे दिसते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि अशी प्रत्येक नळी म्हणजे तापणारा दिवाच. पुढे नळ्या गेल्या, सिलिकॉन आले आणि उष्णता काही काळ हाताबाहेर राहिली नाही. ज्यांना ‘२८६’ आणि ‘३८६’ म्हणत, त्या यंत्रांतील प्रोसेसर बहुधा उघड्या डोक्याने काम करीत. त्यांना ठोकळा, पंखा वा पेस्ट लागत नसे. १९९३ साली पेंटियम आला, तो १५ वॅटच्या घरातील उष्णता घेऊन, आणि तेव्हापासून डोक्यावर पंखा हा नित्याचा झाला. वेग वाढला तशी उष्णता वाढली, आणि उष्णता वाढली तसे त्या पातळ लेपाचे महत्त्व वाढले.

बँकांतील संगणकीकरणाची कहाणीही येथे बोलकी आहे. डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर शाखांमधून खतावणीची यंत्रे दिसू लागली. अनेक शाखांत वातानुकूलित खोली एकच असे, आणि ती यंत्राची. शाखाधिकाऱ्याच्या डोक्यावर पंखा कुरकुरत असे, यंत्र मात्र गारव्यात. आत जाणाऱ्याने पादत्राणे बाहेर काढावीत असा दंडक होता आणि तो देवळातल्याप्रमाणे पाळला जाई, कारण धूळ आत जाऊ नये. पुढे यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली, आणि त्या खोलीतून निघून गावोगावच्या दुकानांत पत्र्याखाली येऊन बसली. खोली मात्र त्यांच्याबरोबर आली नाही. आणि खोलीबरोबर जी दक्षता होती, तीही मागेच राहिली. गारव्यात ठेवलेल्या यंत्राचे काम थोडा वाळलेला लेप असूनही निभावून जाते. मराठवाड्याच्या उन्हात ते निभत नाही.

मोठ्या संगणकांनाही या लेपापासून सुटका नाही. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला, हे मराठी घरांत अभिमानाने सांगितले जाते. त्याच परंपरेतील ‘परम ब्रह्म’ हा पुण्याच्या आयसर संस्थेतील महासंगणक थंड ठेवण्यासाठी वाऱ्याऐवजी प्रोसेसरच्या अंगाला भिडलेल्या पट्ट्यांतून द्रव खेळविण्याची पद्धत वापरली आहे. परंतु अशा रचनेतही धातूची पट्टी आणि प्रोसेसर यांच्या मध्ये एक सांधा राहतोच, आणि त्या सांध्यात हवा शिरू नये म्हणून असाच एक पातळ थर द्यावा लागतो. यंत्र कितीही मोठे झाले तरी दोन पृष्ठभागांमधल्या दऱ्या बुजविल्यावाचून चालत नाही.

ज्यांच्या दुकानात वा घरी संगणक आहे, त्यांनी ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. पेस्टमधील तेल काही वर्षांत आटते किंवा तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकते. म्हणून तीन-चार वर्षांनी एकदा ती बदलून घेणे इष्ट. धूळ मात्र दर वर्षी काढावी. जुना लेप पूर्ण पुसल्यावाचून नवा देऊ नये. मूग-वाटाण्याच्या दरम्यानचा एक ठिपका पुरेसा होतो; ठोकळ्याच्या दाबाने तो आपोआप पसरतो. स्क्रू एकाच बाजूने आवळीत न जाता समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत, म्हणजे थर सारखा बसतो. ठोकळा चिकटून बसला असेल, तर ओढाताण न करता यंत्र काही वेळ चालवून कोमट झाल्यावर वीज बंद करावी आणि मग तो हलके फिरवून सोडवावा. पेस्ट संपली म्हणून टूथपेस्ट लावण्याची युक्ती कोणी सांगितल्यास ती ऐकू नये. तिच्यातील पाणी लवकरच उडून जाते आणि खाली उरते ती कोरडी पूड. द्रवरूप धातूच्या नावाने जो महाग प्रकार मिळतो, त्यापासून साध्या दुकानदाराने दूर राहावे. त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकते आणि त्याचा थेंब इकडे-तिकडे सांडला तर विजेचा मार्ग जुळून मदरबोर्ड जळू शकतो. आणि डबा कोनाड्यात कोंबू नये. त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा असावी.

एक आर्थिक मुद्दाही आहे. आयकराच्या नियमांप्रमाणे संगणकावर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. ४०,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षांत वहीत ३,११० रुपयांवर येते, आणि वहीतली किंमत संपली म्हणजे यंत्रही संपले, असे मालकाच्या मनाने घेतलेले असते. थोडा त्रास झाला की नवे घ्यावे, ही वृत्ती त्यातून येते. घसारा हा करापुरता हिशेब आहे. यंत्राचे आयुष्य त्याने ठरत नाही. नवे घेण्याचा निर्णय घेण्यापूर्वी जुने एकदा उघडून पाहणे, एवढा विवेक प्रत्येक पेढीला परवडतो.

मराठवाड्यात हे काम करण्याचा योग्य काळ म्हणजे होळी ते गुढीपाडवा. याच सुमारास ३१ मार्चची आवराआवर असते, शिलकी मालाची मोजदाद होते, जुनी कागदपत्रे बांधली जातात. त्याच यादीत आणखी एक ओळ घालता येईल: संगणक उघडून धूळ काढणे आणि लेप पाहणे. आणि त्यानंतरही यंत्र अडलेच, तर ते कोणाच्या हातात अडले, हे विचारण्याआधी ते किती वाजता अडले, हे लिहून ठेवावे.